चुलीचा धूर कोणी मोजला?

गेल्या व्याख्यानात आपण १९७२च्या स्टॉकहोम परिषदेपासून निघालो आणि २०१५पर्यंत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं स्वीकारली तिथपर्यंत आलो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, ही उद्दिष्टं न्यूयॉर्कमध्ये बसून ठरतात, तर त्यांच्यामागे काही संशोधन असतं की नुसत्या वाटाघाटी? वेळ संपत आली होती, म्हणून 'दोन्ही' एवढं म्हणून मी सुटका करून घेतली. आज ते उत्तर नीट द्यायचा प्रयत्न करते. पण १७ उद्दिष्टांवर बोलत बसले तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून आज फक्त एक ओळ घेऊ आणि ती कुठून आली ते शोधत मागे जाऊ.

सातवं उद्दिष्ट ऊर्जेचं आहे. त्यात ७.१.२ क्रमांकाचा एक निर्देशक आहे. निर्देशक म्हणजे उद्दिष्ट कितपत गाठलं हे ज्या आकड्यावरून ठरवायचं, तो आकडा. हा निर्देशक सांगतो की, देशातले किती टक्के लोक प्रामुख्याने स्वच्छ इंधनावर आणि स्वच्छ तंत्रज्ञानावर अवलंबून आहेत, ते मोजा. कागदावर त्यात उजेड आणि ऊब यांचाही समावेश आहे, पण प्रत्यक्ष आकडेवारी गोळा होते ती स्वयंपाकाची. तेव्हा साध्या भाषेत सांगायचं तर, किती घरांमध्ये धुराशिवाय स्वयंपाक होतो, एवढाच हा प्रश्न आहे. त्यातला 'प्रामुख्याने' हा शब्द मात्र लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

माझं आजोळ विदर्भातलं. आजीच्या स्वयंपाकघरात मातीची चूल, बाजूला वैल, सरपण म्हणून पराट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, आणि पावसाळ्यासाठी रचून ठेवलेल्या गोवऱ्या. भिंती काळ्याभोर. आम्ही मुलं सुट्टीत गेलो की पाच मिनिटांत डोळे चोळत बाहेर पळायचो आणि आजी आत फुंकणी घेऊन बसलेली असायची. तिला खोकला होता. कधीपासून होता ते कुणालाच आठवत नव्हतं, कारण तो आजार आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. आजीचा खोकला म्हणजे आजीच्या आवाजाचाच एक भाग. हे मी मुद्दाम सांगते आहे. धूर सगळ्यांना दिसत होता. हजारो वर्षं दिसत होता. मग तो मोजायला १९८१ साल का उजाडावं लागलं?

धुराकडे कुणाचं लक्षच नव्हतं, असं मात्र नाही. माझ्या आजोळपासून फार लांब नाही, वर्ध्याला, मगनवाडी आहे. १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, जे. सी. कुमारप्पांनी तो मगनवाडीतून चालवला. कागद, तेलघाणी, मधमाश्या असे नाना प्रयोग तिथे चालत, आणि त्यांतच १९४०च्या दशकात एक सुधारित चूल तयार झाली. तिचं नाव 'मगन चूल'. झाकलेलं तोंड, एका जाळावर एकाहून जास्त भांडी आणि धूर बाहेर काढणारं धुराडं. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी अशीच धुराड्याची चूल बनवली आणि १९५३मध्ये लाखो घरांतली स्वयंपाकघरं धूरमुक्त कशी करता येतील, यावर एक पुस्तिका लिहिली. या दोन्ही ठिकाणी मंडळींना बाईचे डोळे आणि तिचे कष्ट दिसत होते, यात शंका नाही. पण त्यांनी चूल बांधली. धूर मोजला नाही. मोजण्याची गरजही वाटली नसणार, कारण धूर वाईट हे सांगायला यंत्र कशाला हवं?

आता दुसरीकडे पाहा. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर दाट धुरकं पसरलं आणि त्यात हजारो माणसं दगावली. १९५६मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. 'वायुप्रदूषण' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ बऱ्याच अंशी या काळात पक्का झाला, आणि त्याच्यासोबत एक चित्रही पक्कं झालं: शहर, कारखाना, उंच धुरांडी, मोटारी. मोजमापाची यंत्रं गेली ती शहरांच्या चौकांत आणि इमारतींच्या गच्च्यांवर. खेड्यातली हवा म्हणजे शुद्ध हवा. आजही आपण मुंबईहून गावी जाताना 'जरा मोकळी हवा खाऊन येतो' म्हणतोच की.

या चित्राला पहिला मोठा तडा दिला तो एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी. डॉ. एस. पद्मावती. जन्म ब्रह्मदेशातला, १९१७चा. भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्या ओळखल्या जातात. दिल्लीत त्यांच्याकडे एका विशिष्ट विकाराचे रुग्ण येत. फुप्फुसं वर्षानुवर्षं खराब होत गेली की हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि ती बाजू थकते. त्याला 'कॉर पल्मोनेल' म्हणतात. पाश्चात्त्य पुस्तकांत हा आजार प्रामुख्याने पुरुषांचा, सिगारेट ओढणाऱ्यांचा आणि धुळीत काम करणाऱ्यांचा. दिल्लीत मात्र बायकाही मोठ्या संख्येने येत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात विडीला हात लावलेला नव्हता. पद्मावती आणि पाठक यांनी १९५९मध्ये अशा १२७ रुग्णांचा अभ्यास अमेरिकेतल्या 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात छापला आणि बोट दाखवलं ते घरातल्या सरपणाच्या व गोवऱ्यांच्या धुराकडे.

माझ्या मते हा आपल्या पर्यावरणीय संशोधनातला एक फार महत्त्वाचा लेख आहे, आणि तो त्या काळात जवळजवळ वाया गेला. का? तो हृदयरोगाच्या नियतकालिकात आला. चुलींवर काम करणारे अभियंते ते नियतकालिक वाचत नव्हते. प्रदूषणावर काम करणारे लोक शहरात होते. आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या हातात चूल बदलण्याचं कोणतंही साधन नव्हतं. एकाच धुराचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या टेबलांवर पडून राहिले.

नंतर १९७०चं दशक आलं आणि चूल एकदम जगाच्या चर्चेत आली, पण वेगळ्याच कारणाने. १९७३मध्ये तेलाच्या किमती भडकल्या. सगळं जग तेलाबद्दल बोलत असताना एरिक एकहोम यांनी १९७५मध्ये एक छोटा प्रबंध लिहिला. जगातल्या गरिबांचं ऊर्जासंकट तेलाचं नाही, सरपणाचं आहे, असं त्याचं म्हणणं. तिथून चूल ही जंगलतोडीची गुन्हेगार ठरली. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. ए. के. एन. रेड्डी यांनी १९७४मध्ये 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला होता. त्या मंडळींनी कर्नाटकातल्या खेड्यांत घरोघर जाऊन ऊर्जा कुठून येते, कुठे जाते याचा हिशेब मांडला. सरपण किती, ते आणायला किती तास, कोणाचे तास. हे काम अतिशय सुंदर आहे आणि त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. त्यांनी बनवलेली 'अस्त्र ओले' ही चूलही कार्यक्षम होती. कन्नडमध्ये 'ओले' म्हणजे चूलच. पण इथेही मुख्य प्रश्न होता लाकूड किती वाचेल हा.

आता येऊ १९८१कडे. कर्क स्मिथ नावाचे एक अमेरिकन संशोधक तेव्हा हवाई बेटांवरच्या ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये काम करत होते. त्यांचा मूळ विषय अणुऊर्जेच्या धोक्यांचा. म्हणजे किरणोत्सर्ग किती बाहेर पडला यापेक्षा माणसाच्या शरीरात किती गेला, असा विचार करायची त्यांना सवय. ती सवय घेऊन ते चुलीकडे आले. ए. एल. अगरवाल आणि आर. एम. दवे या भारतीय सहकाऱ्यांबरोबर ते गुजरातमधल्या चार खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगावरच त्यांनी एक छोटा पंप बांधला. त्याची नळी तिच्या नाकातोंडाजवळ. ती जी हवा श्वासात घेते तीच हवा पंप खेचून घेणार आणि गाळणीवर कण साठणार. स्वयंपाक झाला की गाळणी काढायची आणि वजन करायचं. कल्पना इतकी साधी आहे की हे आधी कुणी कसं केलं नाही याचं नवल वाटतं.

निकाल १९८३मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंपाकाच्या वेळात त्या बायकांच्या श्वासातल्या हवेत सरासरी दर घनमीटरमागे जवळजवळ ७ मिलिग्रॅम कण होते, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम. त्या काळात जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सरासरीसाठी जी मर्यादा सांगत होती, ती दोनशे मायक्रोग्रॅमच्या आसपासची होती. इथे एक इशारा देते, कारण आकडे ऐकले की आपण लगेच भागाकार करतो. एक आकडा स्वयंपाकाच्या वेळेचा आहे, दुसरा चोवीस तासांचा. त्यामुळे '३५ पट' असं कुणी लिहिलेलं दिसलं तर ते बरोबर नाही. पण बाई रोज तीन-चार तास चुलीपुढे बसते हे धरलं, तरी आकडा भयंकरच राहतो. शहरातल्या सर्वांत घाणेरड्या चौकात इतका धूर नव्हता. कर्करोगाशी संबंध असलेलं बेंझोपायरीन हे द्रव्यही त्यांनी मोजलं, आणि तेही प्रचंड निघालं.

योगायोग बघा. आपल्या संसदेने वायुप्रदूषणाचा कायदा केला तोही १९८१मध्येच. त्या कायद्याचं सगळं लक्ष उद्योग आणि वाहनं यांच्यावर. देशातली सर्वांत दूषित हवा ज्या खोलीत होती, ती खोली त्या कायद्याच्या नजरेतच नव्हती.

स्मिथ यांनी या मोजमापातून पुढे एक नियम मांडला आणि तो विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते. घरात सुटलेला एक ग्रॅम धूर आणि उंच धुरांड्यातून सुटलेला एक ग्रॅम धूर सारखे नसतात. घरातला धूर कुणाच्या तरी फुप्फुसात जाण्याची शक्यता साधारण हजारपट जास्त असते, कारण तो जिथे सुटतो तिथेच माणूस बसलेला असतो. प्रदूषण कुठे आहे हे विचारण्याऐवजी माणसं कुठे आहेत ते विचारा, असा तो रोख. त्यांचंच दुसरं वाक्य जास्त गाजलं: उघडी चूल तासाला ४०० सिगारेटींइतका धूर सोडते. पुढे ते आपल्याकडे भाषणांतून आणि जाहिरातींतून इतकं फिरलं की 'बाई ४०० सिगारेटी ओढते' असं झालं. 'सोडते' आणि 'ओढते' यांत फरक आहे. मूळ वाक्य चुलीबद्दलचं होतं.

बरं, आकडा हाती आला, मग काय झालं? लगेच तरी फारसं काही झालं नाही. १९८३च्याच सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पण तो सरपणाच्या प्रश्नातून जन्मलेला होता. २००२पर्यंत तो चालला आणि साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या गेल्या. आपल्याकडे त्यांना 'निर्धूर चूल' म्हणत. माझ्या आजीकडेही ती आली होती. सिमेंटचं धुराडं पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागलं, मग काजळीने तुंबलं, आणि ते साफ करायचं कसं हे सांगायला परत कुणीच आलं नाही. शिवाय तिच्या भाकरीच्या तव्याला चुलीचं तोंड लहान पडायचं. दोन वर्षांनी मामाने धुराड्याचा पाइप काढून न्हाणीच्या सांडपाण्याला लावला. सरकारी नोंदवहीत ती चूल शेवटपर्यंत चालू राहिली असणार.

महाराष्ट्रात या कार्यक्रमाला तांत्रिक मदत करणाऱ्यांमध्ये डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६मध्ये स्थापन केलेली 'आरती' ही संस्था होती. त्यांची 'लक्ष्मी' चूल अनेकांना माहीत असेल. अनुदान संपल्यावर त्यांनी कुंभारांना आणि ग्रामीण कारागिरांना चुली बनवून विकायला शिकवलं. गिऱ्हाईक पैसे मोजून चूल घेतं तेव्हा ते तक्रारही करतं, आणि मग चूल सुधारते, हा त्यातला व्यवहार. मला तो पटतो. पण पैसे कुणाच्या हातात होते? चुलीपुढे बसणारी वेगळी आणि बाजारात खर्च ठरवणारा वेगळा, ही अडचण त्यानेही सुटली नाही. याच काळात चीनने मात्र १९९२पर्यंत दहा वर्षांत सुमारे १२ कोटी ९० लाख सुधारित चुली बसवल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच टिकल्या.

आता आकडा उद्दिष्टांपर्यंत कसा पोचला ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००२च्या आपल्या अहवालात निरनिराळ्या धोक्यांची एका मापाने तुलना केली: कुपोषण, तंबाखू, रक्तदाब, अस्वच्छ पाणी. त्या यादीत घरातल्या सरपणाच्या धुराला जागा मिळाली. वर्षाला सुमारे १६ लाख मृत्यू. याआधी मंत्र्यांच्या टेबलावर धूर हा 'बायकांचा त्रास' होता. आता तो मलेरियाच्या शेजारी येऊन बसला. पद्मावतींचे १२७ रुग्ण, गुजरातच्या गाळण्या, नेपाळ, ग्वाटेमाला, चीन इथले अभ्यास असं सगळं त्या एका आकड्यामागे उभं होतं.

आणि तरीही पहिला घाव चुकला. २०००च्या सहस्रक विकास उद्दिष्टांमध्ये 'लाकूड, शेण, कोळसा अशी घन इंधनं वापरणाऱ्या लोकांचं प्रमाण' हा निर्देशक होता, २९व्या क्रमांकावर. तो पर्यावरणाच्या उद्दिष्टात टाकलेला होता, आरोग्याच्या नाही. काही वर्षांनी यादीची फेररचना झाली आणि तो वगळला गेला. मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. संशोधन असून पुरत नाही. यादीत आलेली ओळ यादीतून जाऊही शकते.

ती परत आली २०१५मध्ये, आणि दोन ठिकाणी आली: ऊर्जेच्या सातव्या उद्दिष्टात ७.१.२ म्हणून, आणि आरोग्याच्या तिसऱ्या उद्दिष्टात, घरातल्या व बाहेरच्या हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण म्हणून. मधल्या वर्षांत पुरावा बराच वाढला होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की, श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार धूम्रपान न करणाऱ्यांनाही मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे जगातलं एक प्रमुख कारण असावं. म्हणजे पद्मावतींनी दिल्लीत पाहिलं ते ५० वर्षांनी पाठ्यपुस्तकाच्या दारात आलं.

याच काळात संशोधकांमध्ये एक मोठा वादही झाला. आहे ती चूल स्वच्छ करायची, की जे स्वच्छ आहे ते गरिबाला मिळवून द्यायचं? स्मिथ स्वतः कितीतरी वर्षं सुधारित चुलींच्या बाजूचे होते. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात त्यांच्या गटाने ५०० हून अधिक घरांमध्ये चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना धुराड्याची चूल दिली. २०११मध्ये निकाल आला. मुलांच्या शरीरात जाणारा धूर निम्म्याने कमी झाला, गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला, पण एकूण न्यूमोनियातली घट ठामपणे सांगण्याइतकी स्पष्ट नव्हती. ओडिशात एस्थर ड्यूफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रीमा हॅना यांनी चार वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा माझ्या आजीचीच गोष्ट हजारो घरांतून निघाली: पहिल्या वर्षी धूर कमी, नंतर चूल फुटली, तुंबली, बाजूला पडली, आणि फुप्फुसांवर काही परिणाम नाही. पुढे मलावीत दहा हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीतही सुधारित चुलीने न्यूमोनिया कमी झाला नाही. २०१४पर्यंत स्मिथ यांनी आपलं मत उघडपणे बदललं होतं. अंबुज सागर यांच्याबरोबर त्यांनी लिहिलं की, भारताने चुलीच्या सापळ्यातून बाहेर पडून थेट गॅस आणि वीज घराघरांत न्यावी. तीस वर्षांचं काम असताना मत बदलणं सोपं नसतं, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो सर्वांत जास्त इथे.

१ मे २०१६ला उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली. २०११च्या जनगणनेत देशातली ४९ टक्के कुटुंबं लाकडावर आणि २८.५ टक्के गॅसवर स्वयंपाक करत होती. उज्ज्वलातली आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९मध्ये आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात दिली गेली. वेग थक्क करणारा होता, हे मान्यच करायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधन वापरणारी घरं ४३.८ टक्क्यांवरून २०१९-२१मध्ये ५८.६ टक्क्यांवर गेली. महाराष्ट्रात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात.

आणि आता तो शब्द. 'प्रामुख्याने'. पाहणी करणारा माणूस दारात येतो आणि विचारतो: स्वयंपाकाला मुख्यतः कोणतं इंधन वापरता? बाई सांगते, गॅस. खोटं नाही ते. चहा गॅसवर, भाजी गॅसवर, पाहुणे आले तर सगळंच गॅसवर. भाकऱ्या मात्र चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलवणावर, आणि सिलिंडर संपून पैसे हातात येईपर्यंत सगळंच चुलीवर. महालेखापरीक्षकांच्या २०१९च्या अहवालात उज्ज्वलाच्या ग्राहकांची वर्षाची सरासरी ३.२१ सिलिंडर निघाली. घरात चार-पाच माणसं असताना तीन सिलिंडर वर्षभर पुरत नाहीत, हे सांगायला संशोधक लागत नाही. निर्देशकात मात्र ते घर 'स्वच्छ'मध्ये मोजलं जातं.

संशोधकांनी यावर एक युक्ती काढली. बटणाएवढी तापमापकं चुलीला आणि शेगडीला चिकटवायची. बाई काय सांगते ते बाजूला, चूल केव्हा तापली ते बटण सांगतं. अशा नोंदींत पुन्हा पुन्हा दिसतं की, नवी शेगडी आली तरी जुनी चूल थंड होत नाही. माणसं एकाला एक जोडत जातात. आणि थोडा वेळ पेटलेली चूलही त्या खोलीतली हवा खराब करायला पुरते, कारण मघाचा हजारपटीचा नियम.

मग चूल पूर्ण थंड झाली तर? हे तपासायला तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे ३,२०० गरोदर स्त्रियांची एक मोठी चाचणी झाली. भारतातली बाजू चेन्नईच्या डॉ. कल्पना बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांभाळली. निम्म्या स्त्रियांना गॅस शेगडी आणि दीड वर्ष सिलिंडर मोफत. आपल्याकडे जुन्नर तालुक्यातही गरोदर स्त्रियांना मोफत गॅस देऊन छोटा अभ्यास झालेला आहे. मोठ्या चाचणीत बायकांनी चूल जवळजवळ सोडलीच. श्वासातले सूक्ष्म कण ७० मायक्रोग्रॅमवरून २४वर आले. एवढी घट याआधी फार थोड्या अभ्यासांत दिसली होती. आणि बाळांचं जन्माचं वजन? २०२२मध्ये निकाल छापला गेला. फरक नाही. मुलांच्या न्यूमोनियातही फरक नाही, हे २०२४मध्ये कळलं.

मी हा निकाल वाचला तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होते. कुणी म्हणेल, मग एवढी ४० वर्षं फुकट गेली का? मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगते. चाचणी गरोदरपणाच्या मध्यापासून सुरू झाली होती. त्या बाईने त्याआधी वीस-पंचवीस वर्षं धूर घेतलेला होता. आजूबाजूच्या घरांच्या चुली चालूच होत्या. आणि पद्मावतींच्या रुग्ण बायकांचा आजार दीड वर्षात होणारा नव्हता, तो आयुष्यभराचा होता. तो कमी होतो का हे पाहायला तितकाच लांब अभ्यास हवा. पण हे माझं मत झालं. निकाल निकाल आहे, आणि तो छापणाऱ्यांनी तो लपवला नाही, गुळमुळीत केला नाही. कर्क स्मिथ यांना तो पाहायला मिळाला नाही. जून २०२०मध्ये ते गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, १०३ वर्षांच्या पद्मावती कोविडने गेल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२०मध्येही घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, आणि दोनशे कोटींहून अधिक माणसं आजही चुलीवर किंवा रॉकेलवर रांधतात. २०३०ला ७.१.२चा हिशेब लागेल तेव्हा त्यात माझ्या मामाचं घर 'स्वच्छ' असेल. गेल्या दिवाळीत मी तिकडे गेले होते. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, मामी तिच्यावर पोहे परतत होती. मागच्या पडवीत पहाटे पाचलाच चुलवण पेटलेलं, पाण्याचं भगोणं चढवलेलं, आणि तिथे पराट्या सारत मामाची सून बसली होती. तिला सहावा महिना होता. मी विचारलं, तर म्हणाली, "आत्याबाई, पाणी तापवायला कोणी गॅस जाळते का?"

एवढंच. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ज्यांनी गेल्या वेळी तो प्रश्न विचारला होता ते आले असतील, तर आधी त्यांना माइक द्या.